उजवीकडून दाखवलेला घोडा

कवडीच्या गळ्यातला मणी सकाळी लाल झाला आणि म्हाकूनं मेंढरं सोडायचं थांबवून आधी डॉक्टरला फोन लावला.

कवडी ही कोकऱ्यांच्या वाड्यावरची घोडी. धनगरांच्या वाड्याला भिंती नसतात. मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि माणसं मिळून जो संसार वर्षातले आठ महिने चालत असतो, त्याला ते वाडा म्हणतात. दिवाळीनंतर हा वाडा वरंधा घाट उतरून कोकणात येई, महाडच्या आसपास भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढरं बसवी आणि वैशाखात परत घाट चढून फलटणकडे निघे. भांडी, पाल, अंथरुणं, नुकती जन्मलेली कोकरं आणि कधीकधी नुकती जन्मलेली माणसंही घोड्यांच्या पाठीवरून जात. घोडी गेली तर वाडा जागेवर बसला, इतका साधा हिशेब होता.

कवडीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेल्या कवड्या होत्या, एक पितळी घंटी होती आणि मधोमध वाटाण्याएवढा पांढरा मणी होता. कवड्या दृष्ट लागू नये म्हणून आणि मणी घोडीचा माज कळावा म्हणून. गाईम्हशींना गावोगावचे डॉक्टर कधीपासून रेताची कांडी भरत आलेत, पण घोडी हे प्रकरण वेगळं. तिचा माज आठवडाभर रेंगाळतो, अंड मात्र शेवटी कधीतरी गुपचूप सुटतं आणि गोठवलेलं रेत वितळल्यावर जेमतेम काही तास जगतं. ही गाठ पडायची नाही म्हणून घोड्यांच्या कृत्रिम रेतनाचा नाद खेड्यापाड्यांत कुणी करत नसे. माजमण्यानं ते अवघड काम सोपं केलं. कातडीला चिकटून तो रक्तातल्या संप्रेरकांचा अंदाज घेई आणि अंड सुटायची वेळ आली की लाल होई. त्याला वाचायला अक्षर लागत नव्हतं, डोळा पुरत होता.

दुपारच्या आत डॉक्टर वैजयंता मारकड गाडी घेऊन हजर झाली. नीरेकाठच्या अश्वपैदास केंद्रात ती नोकरीला होती आणि वाड्याची मालकीण, म्हाकूची आई लगमाबाई तिची सख्खी आत्या होती. वैजयंता पाचवीपर्यंत याच वाड्याबरोबर हिंडली होती, कवडीच्या आजीच्या पाठीवर बसून तिनं हा घाट उतरला होता. त्यामुळं गाडीतून उतरल्यावर तिला डॉक्टर म्हणून कुणी मान दिला नाही. लगमाबाईनं तिला आधी भाकरी खायला बसवलं.

"मग," तिचं खाणं उरकल्यावर लगमाबाई म्हणाली, "नवरा कुटं हाय?"

वैजयंतानं गाडीतली टाकी दाखवली. टाकीत द्रव नायट्रोजनच्या धुक्यात कांड्या बुडवलेल्या होत्या.

"ह्यो? आगं वैजे, नवरा न दावता लगीन लावायला निगालीस व्हय? तुजं तरी आसं लावलं आसतं का आमी?"

म्हाकू आणि त्याची बायको हसली. वैजयंताही हसली, पण तिला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं आणि त्याची तयारी तिनं केली होती.

धनगरांत घोडी घोड्याला दाखवायच्या आधी घोडा माणसांना दाखवावा लागतो. त्याला उन्हात उभा करायचा, त्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघायचे. गळ्यावर भोवरा असला तर देवमण, घराला बरकत. पण डोळ्याखाली भोवरा असला तर तो आसूढाळ. त्या भोवऱ्यातून घोडा आसवं ढाळतो आणि मालकालाही ढाळायला लावतो, असं सगळे मानत. आसूढाळ घोडा कितीही देखणा असो, त्याच्याजवळ कुणी आपली घोडी नेत नसे. आपल्याच घोडीला तसं शिंगरू झालं तर घाट ओलांडायच्या आत ते कुणाला तरी देऊन टाकत, बहुधा वीटभट्टीवाल्याला. अशुभ घाटापलीकडे न्यायचं नाही, असा दंडक होता.

वैजयंतानं पाटीएवढा डिजिटल पडदा काढून आत्यापुढं धरला. पडद्यावर एक घोडा चालत होता. भीमथडी जातीच्या घोड्यासारखाच बुटका, छाती रुंद, खूर काळे आणि घट्ट. एका अंगानं चालत तो पडद्याबाहेर जाई आणि पुन्हा तिथूनच चालू लागे.

लगमाबाईनं पडदा उन्हात धरला, डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं. "खूर चांगलं हायती. मान वाईच आखूड हाय, पर ओज्याच्या घोड्याला मान काय करायची. नाव काय?"

"भी-सात."

"ह्ये काय नाव झालं? गाडीच्या पाटीसारकं."

"केंद्रात सगळ्यांना तशीच नावं हायती, आत्ती."

"आनि हाय कुटं त्यो?"

"मेला. दोन वर्सं झाली. मरायच्या आदी कांड्या भरून ठेवल्या."

मेलेला नवरा ही गोष्ट लगमाबाईला थोडी जड गेली. तिनं कवडीकडं बघितलं, मग म्हणाली, "बरं. भर." वैजयंतानं कांडी कोमट पाण्यात धरली, हातमोजा खांद्यापर्यंत चढवला, म्हाकूनं कवडीची शेपूट बाजूला धरली आणि एवढं बोलेपर्यंत काम झालंही. लगमाबाईनं रिवाजाप्रमाणे घोडीच्या कपाळाला हळद लावली. नवऱ्याला लावायची हळद टाकीच्या झाकणाला लावली.

परतताना वैजयंता घाटात एका वळणावर थांबली आणि तिनं पडदा पुन्हा उघडला. आत्याला दाखवला तो तुकडा तिनं मोठ्या चित्रणातून काढला होता. पुढच्या भागात भी-सात वळून उलट्या दिशेनं चालत येत होता. त्याच्या डाव्या डोळ्याखाली, हाडाच्या किंचित वर, बोटानं फिरवल्यासारखा ठसठशीत भोवरा होता.

तिला वाईट वाटलं, पण पश्चात्ताप झाला नाही. चुकीचं वागून बरोबर काम केलं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं आणि गाडी चालू केली.

गेल्या काही वर्षांत उन्हाळे असे होऊ लागले होते की घोडी घाटात उभ्याउभ्या कोसळत. आजार नवा नव्हता, पण पूर्वी क्वचित होई आणि आता एकामागून एका वाड्यात दिसत होता. वैजयंताच्या केंद्रानं त्याला घामबंदी असं नाव दिलं होतं. सतत उष्म्यात राहून घोड्याच्या घामाच्या ग्रंथी थकतात आणि एक दिवस काम थांबवतात. घोडा माणसासारखाच घामानं थंड होतो. घाम थांबला की आतून भट्टी लागते, वर कातडी कोरडी ठणठणीत, आणि तासाभरात खेळ आटोपतो. मागच्या वैशाखात वेगवेगळ्या वाड्यांची मिळून कितीतरी घोडी अशी गेली. दोन वाड्यांनी मेंढरं विकून टाकली आणि तिथली माणसं कारखान्याच्या दारात कामाला उभी राहिली.

औषध नव्हतं. पण वैजयंताच्या केंद्राला नीरेकाठच्या एका वीटभट्टीवर एक घोडा सापडला. आजूबाजूची जनावरं भट्टीच्या धगीनं एकामागून एक मरत असताना हा बुटका घोडा घामानं निथळत विटांच्या खेपा ओढत होता. त्याचं रक्त आणि कातडी तपासली तेव्हा कारण कळलं. त्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी दाट होत्या आणि त्या थकत नव्हत्या. तोच भी-सात. मग केंद्रात जुळणीयंत्र आलं. घोडीच्या आयाळीचे चार केस मुळासकट त्यात ठेवायचे, यंत्र तिची जनुकं वाचणार, साठ्यातल्या सगळ्या घोड्यांशी जुळवून बघणार आणि प्रत्येकाला गुण देणार. कवडीचे केस ठेवले तेव्हा बाकीचे घोडे पन्नाशीच्या आतबाहेर घुटमळले आणि भी-सात नव्वदीच्या पार गेला. यंत्राला कमी गुणांचे घोडे आवडत नसत. केंद्रालाही नसत. टाकीत जागा मर्यादित, म्हणून नापास घोड्यांच्या कांड्या दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस बाद करून टाकण्याची पद्धत होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

पुढच्या फाल्गुनात त्याच खाचरात कवडी व्यायली. मादी झाली. वैजयंताला फोन आला तो म्हाकूचा. त्यानं फक्त एवढंच सांगितलं की आई बोलावतेय.

ती पोचली तेव्हा लगमाबाई दगडावर बसली होती. शेजारी कवडी उभी होती आणि तिच्या पोटाखाली तांबूस रंगाचं शिंगरू लुचत होतं. लगमाबाईनं भाकरीचं विचारलं नाही, यावरून वैजयंता काय ते समजली.

"तू मला उजवीकडनं घोडा दावलास," लगमाबाई म्हणाली.

वैजयंतानं गाडीची किल्ली खिशात टाकली.

"बोल की. डॉक्टरीन झालीस न्हवं?"

"व्हय. उजवीकडनं दावला."

"बाजारात यापारी काय करत्यात ठावं हाय न्हवं तुला? भोवरा डाग देऊन जाळत्यात आनि वर सांगत्यात, लहानपनी काटा लागला हुता. तू काय येगळं केलंस? त्येनं डाग दिला, तू पडदा फिरीवला."

हे वैजयंताला लागलं. व्यापाऱ्यांच्या त्या लबाडीला लहानपणापासून तिच्या घरात शिव्या दिलेल्या तिनं ऐकल्या होत्या. "आत्ती, चुकलं माजं," ती म्हणाली. "पर दोनी बाजूंनी दावला आसता तर तू हो म्हनली आसतीस का?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय? न्हाई म्हनायचा हक्क माजा हुता. त्यो तू घेतलास."

वैजयंता शिंगराजवळ गेली. डाव्या डोळ्याखाली बापाचा भोवरा जसाच्या तसा उतरला होता. केंद्राला हे अपेक्षितच होतं, आणि आता लपवून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"ह्यो भोवरा आनि घाम एकाच हातचं काम हाय, आत्ती," ती म्हणाली. "शिंगरू पोटात आसतं तवा त्येची कातडी तयार हुती. केस कुटल्या बाजूला वळायचं आनि घामाची भोकं किती दाट बसायची, ह्ये तवाच ठरतंय. ठरवनारं जनुक येकच. त्येनं घाम दाट केला की डोळ्याखालचं केस आसं वळत्यात. आमी लई तपासलं. आसूढाळ घोड्यांना घामबंदी हुत न्हाई."

"आनि आसवं?"

"आसवांचं रक्तात काय सापडलं न्हाई."

म्हाकू इतका वेळ मागं उभा होता. मामाच्या मुलीनं काय केलं यात त्याला रस नव्हता. त्याला बाजार दिसत होता. "डाग देऊन टाकू," तो म्हणाला. "आनि सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रंत इकू. लांबच्या मानसाला काय कळतंय?"

"थोबाड फोडीन," लगमाबाई म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. "ह्या वाड्यावर डागलेलं जनावर इकायचं न्हाई. घाट चढायच्या आदी खालीच कुनाला तरी देऊ, जशी रीत हाय तशी. नाव ठेवू नका आनि गळ्यात कवड्या बांदू नका."

वाड्याच्या घोड्यांना कवड्या असत, परक्यांना नसत. त्यामुळं कवड्या बांधू नका याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. वैजयंताला हे शिंगरू जाऊ द्यायचं नव्हतं. या एका मादीवर केंद्राची पुढची सगळी मदार होती, पण तेवढंच कारण नव्हतं. कवडी स्वतः घामबंदीच्या काठावर होती, वाड्यावरच्या बाकीच्या दोन घोड्या उतारवयाच्या होत्या आणि त्यातल्या एकीचं शिंगरू उन्हात टिकेल याचा भरवसा नव्हता. हे शिंगरू गेलं तर चार-पाच वर्षांत या वाड्याला घाट चढवणारं कुणी उरणार नव्हतं, आणि ती ज्या माणसांत वाढली ती माणसं कारखान्याच्या दारात उभी राहणार होती.

"आत्ती, येक मागते," ती म्हणाली, "खाली नको देऊ, आत्ता आईपासनं तोडलं तर जगायचं न्हाई. घाट चढून वर ने, वर गेल्यावर मी घेऊन जाते. केंद्रात ठेवते. तुज्या वाड्याला त्येचा इटाळ नको."

"घाट चढायचा न्हाई तीच तर रीत हाय."

"आईच्या मागनं चालंल. तुमी त्येला नेऊ नका. त्ये आपलं आपन येईल."

ही पळवाट होती आणि ती पळवाट आहे हे दोघींना कळत होतं. लगमाबाईनं पदर झटकला. "तू संगं चालायचं. पायी. गाडीतनं न्हाई."

वैशाखात वाडा निघाला. पहाटेच निघून ऊन तापायच्या आत घाटमाथा गाठायचा, असा बेत होता. निम्म्या घाटात पवनचक्कीचं एक पातं ट्रेलरवर आडवं अडकलेलं होतं. एवढं लांबलचक पातं या घाटातून चढवायची बुद्धी कुणाला झाली, देव जाणे. पुढं दरी, मागं गाड्यांची रांग, पोलिसांनी मेंढरं कडेला थांबवली. वाट मोकळी व्हायला सूर्य डोक्यावर आला. सावली कुठंच नव्हती आणि कातळातून धग निघत होती.

पुन्हा चालायला लागल्यावर थोड्याच वेळात कवडीनं मान खाली घातली. वैजयंता धावत पुढं गेली. घोडीचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालला होता, नाकपुड्या फाकल्या होत्या. तिनं मानेवरून हात फिरवला. कातडी कोरडी होती आणि तव्यासारखी तापलेली होती.

"ओजं उतरवा!" ती ओरडली. "आदी कोकरं, मग सगळं. पानी आना!"

म्हाकूनं दोर कापले. पातेली रस्त्यावर गडगडली, कोंबड्या फडफडत मोकळ्या झाल्या. तेवढ्यात कवडीचे पुढचे पाय वाकले आणि ती बसली, मग आडवी झाली. वाड्यातल्या बायकांनी एकदम आवाज केला. मागं सरकलेल्या ट्रेलरचा चालक पाण्याचे कॅन घेऊन धावत आला. वैजयंता आणि म्हाकू घोडीच्या मानेवर, पोटावर, मांड्यांच्या आत पाणी ओतत राहिले, पुसून काढत राहिले, पुन्हा ओतत राहिले.

"बगितलंस?" म्हाकूचा आवाज चिरकला होता. "आसूढाळ घाटाला लागलं आनि घोडी पडली! आई, मी म्हनलं हुतं. खालीच द्यायचं हुतं त्ये!"

सगळ्यांचे डोळे शिंगराकडं गेले. ते आईच्या पोटाशी नाक खुपसत होतं. वैजयंताचे हात थांबले नाहीत, पण तिला रडू आलं. इतकी वर्षं शिकून, इतकी तपासणी करून, सगळं बरोबर असून आता या क्षणी कुणी तिचं ऐकणार नव्हतं. पडलेल्या घोडीशेजारी डोळ्याखाली भोवरा असलेलं शिंगरू उभं होतं आणि याहून मोठा पुरावा कोणाला हवा होता?

लगमाबाई पुढं आली. शिंगराला आईपासून दूर ढकलायला तिनं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि हात तसाच ठेवून उभी राहिली. मग तिनं तळहात उलटा करून बघितला. तो ओला होता. तिनं पुन्हा त्याच्या छातीवरून, पाठीवरून हात फिरवला. शिंगरू निथळत होतं. पाणी फक्त कवडीवर ओतलं होतं, याच्या अंगावर थेंबही पडला नव्हता.

ती वळली. वाड्यावर दुसऱ्या घोडीचं एक शिंगरू होतं, बाजारातल्या देखण्या घोड्याचं, गळ्यावर देवमण असलेलं, आणि सगळ्या वाड्याचं लाडकं. ते कडेला जीभ काढून धापा टाकत होतं. लगमाबाईनं त्याच्या मानेवर हात ठेवला. नुसती माती हाताला लागली.

"म्हाकू," ती म्हणाली, "उरलेलं पानी हिकडं आन. ह्या देवमनावर वत."

"आनि त्ये?"

"त्येला नको. त्येचं पानी त्येच्याजवळ हाय."

म्हाकू जागचा हलला नाही. तेव्हा लगमाबाईनं स्वतः कॅन उचलला. "घोडी घामाबिगर पडली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मागच्या साली दुसऱ्या वाड्याची घोडी पडली तवा तिच्यासंगं कुटलं आसूढाळ हुतं? आदल्या साली माजी तांबडी पडली तवा कुटलं हुतं? उगं शिंगराच्या डोक्यावर खापर फोडू नगा. चला, हात चालवा."

हात चालले. आणखी बऱ्याच वेळानं कवडीनं कान हलवले, मग मान उचलली. तिला उभी करायला सहा माणसं लागली. ओझं माणसांनी डोक्यावर घेतलं आणि वाडा हळूहळू वर सरकला. कवडीच्या मागं तिचं शिंगरू चालत होतं, ओलं आणि तरतरीत, मध्येच उड्या मारत, काही घडलंच नाही अशा थाटात.

माथ्यावर वारा होता. वडाखाली वाडा टेकला, चूल पेटली, चहा झाला. वैजयंतानं कवडीला तपासलं आणि सांगितलं की घोडी जगेल, पण हा तिचा शेवटचा घाट. लगमाबाईनं मान हलवली. मग ती उठली, कवडीच्या गळ्यातल्या दोऱ्यातून काही कवड्या ओढून काढल्या, नव्या काळ्या दोऱ्यात ओवल्या आणि शिंगराच्या गळ्यात बांधल्या. म्हाकू बघत होता.

"मग मी नेऊ का न्हाई?" वैजयंतानं विचारलं. उत्तर दिसत होतं, तरी तिला ते ऐकायचं होतं.

"कवड्या बांदल्यावर कोन देतंय?" लगमाबाई म्हणाली. "आनि वैजे, म्होरल्या येळी घोडा दोनी बाजूंनी दावायचा. सगळ्या वाड्यांना. कुनी न्हाई म्हनलं तर न्हाई. न्हाई म्हनंल, न्हाई म्हनंल, आनि मंग येक दिस व्हय म्हनंल. पर दावायचा."

"दावीन."

लगमाबाई तिच्याशेजारी येऊन बसली. रागाचा भर ओसरला होता. "त्यो तुमचा भी-सात भट्टीवर कसा आला आसंल?"

"कुनीतरी दिला आसंल शिंगरू आसताना."

"कुनीतरी काय. आमच्यातल्याच कुनीतरी. भट्टीवाल्याला आमीच देतो. माज्या सासऱ्यानं आसली किती दिली आसतील, आनि त्येच्या बापानं. चांगली घामाची घोडी दिली आनि कोरडी घरात ठेवली."

"त्यांना ठावं नव्हतं, आत्ती. तवा येवढं ऊनबी नव्हतं."

"त्येच म्हनते." लगमाबाईनं पाय पसरले. तळपाय भेगाळलेले, धुळीनं माखलेले होते. "ह्या पायाला काय म्हनायचे ठावं हाय न्हवं तुला? लगीन होऊन वरीस न्हाई झालं आनि तुजा मामा, माजा नवरा, साप डसून गेला. म्हाकू पोटात. सासरी म्हनले, पांढऱ्या पायाची हाय, हिला घाट चढू देऊ नगा. तुज्या बानं दहा मेंढरं दिली आनि मी माजा वाडा बांदला. म्हनून घाटात आज त्येच्या अंगाला हात लागला तवा मला माजीच लाज वाटली."

वैजयंताला हे सगळं माहीत होतं. गेल्या फाल्गुनात भांडताना ते तिच्या जिभेवर आलंही होतं आणि तिनं ते गिळलं होतं. आत्यानं स्वतःहून बोलून दाखवल्यावर तिनं तिचा हात धरला.

"येक इचारू?" लगमाबाई म्हणाली. "तुमचं यंत्र केस बघतंय आनि मार्क देतंय."

"व्हय."

"मंग त्ये बी भोवरंच बघतंय की. आमी भायेरचं बघतो, त्ये आतलं बघतंय."

"तसं न्हाई, आत्ती. यंत्राचं तपासलेलं आसतंय. आजच्या उनाला कोन टिकंल, ह्ये त्ये बरोबर सांगतंय."

"आजच्या उनाला. बरं. आनि ज्ये घोडं नापास हुत्यात, त्येंच्या कांड्यांचं काय करता?"

वैजयंतानं चहाचा कप खाली ठेवला. "बाद करतो. टाकीत जागा नसती."

"म्हंजे भट्टीवाल्याला देता."

लगमाबाईच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, आणि वैजयंताला तेच जास्त झोंबलं. समोर शिंगरू आईला लुचत होतं. त्याच्या गळ्यातल्या कवड्या हलत होत्या.

"माजा येक केस घातला आसतास तुज्या यंत्रात," लगमाबाईनं विचारलं, "तवा, मी वीस वर्साची आसताना, तर मला पास केलं आसतं का गं?"

वैजयंता उठली. माथ्यावर फोनला रेंज होती. उन्हाळ्याची अखेर जवळ आली होती आणि या आठवड्यात केंद्रातल्या टाक्यांमधल्या नापास कांड्या बाद होणार होत्या. तिनं केंद्राच्या प्रमुख सरांना फोन लावला आणि या वर्षी एकही कांडी बाद करू नका, नवीन टाकीची सोय मी कुठूनही करते, असं स्पष्ट सांगितलं.

सर चकित झाले. "अहो मॅडम, भी-सातच्या कांड्या सुरक्षित आहेत. बाकीचे सगळे नापास आहेत. त्यांचा उपयोग काय?"

वैजयंतानं आत्याकडं पाहिलं. लगमाबाई शिंगराच्या डोळ्याखालच्या भोवऱ्यावरून अंगठा फिरवत होती.

"ते मला माहीत नाही, सर," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे?"